मंद उजेडाची विजेरी : निवडीपासून वापरापर्यंत

विजेरी विकत घेताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते: १००० ल्युमेन, २००० ल्युमेन, ५०० मीटरचा झोत. प्रत्यक्षात रात्री उठून पाणी पिणे, औषधाची पट्टी शोधणे, वीज गेलेली असताना भात शिजला का ते पाहणे, गडावरच्या मुक्कामात सॅकमधून स्वेटर काढणे ही सगळी कामे १ ते ३० ल्युमेनमध्ये व्यवस्थित होतात, आणि विजेरी हातात घेतली जाते ती बहुतेक वेळा अशाच कामांसाठी. प्रखर झोताची गरज क्वचित पडते. पडते तेव्हा ती खरी असते, आणि तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. परंतु नव्याने विजेरी घेणाऱ्याने तिची पारख सर्वांत प्रखर उजेडावरून न करता सर्वांत मंद उजेडावरून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मंद उजेडाने रात्रीची नजर टिकते, सेल कितीतरी पटींनी अधिक चालतो, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही आणि रानातल्या जिवांना त्रास होत नाही. हे कसे साधायचे ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : आपली नजर ओळखून घ्यावी

मंद उजेड पुरतो तो डोळ्यांच्या क्षमतेमुळे, म्हणून सुरुवात डोळ्यांपासूनच करणे योग्य. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग व बारीक तपशील दाखवतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत, पण अत्यल्प प्रकाशही त्यांना पुरतो. एका डोळ्यात शंकूपेशी सुमारे ६० लाख, तर दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात, यावरूनच अंधुक उजेडात पाहण्याची आपली तयारी किती मोठी आहे हे लक्षात यावे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, परंतु खरा बदल पडद्यावरच्या रसायनात होतो आणि तो सावकाश होतो. प्रखर प्रकाशाने दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य विघटित झालेले असते. ते जसजसे पुन्हा तयार होते, तसतशी नजर अंधाराला सरावते. पहिल्या दहा मिनिटांत बराच फरक जाणवतो आणि नजर पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. असा कमावलेला सराव पांढऱ्या प्रखर झोताकडे काही सेकंद पाहिले तरी बराचसा वाया जातो.

हे वाचून समजून घेण्यापेक्षा एकदा करून पाहावे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातली सर्वांत अंधारी खोली निवडावी, पडदे ओढून घ्यावेत, चार्जर आणि वायफायच्या यंत्रावरचे बारीक दिवे कापडाने झाकावेत, मोबाइल बाहेर ठेवावा आणि खोलीत नुसते बसून राहावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग खिडकीची चौकट उमटते, नंतर कपाटाची कड, मग खुंटीवरच्या कपड्यांचा आकार. पंधरा-वीस मिनिटांनी हातातली कोणतीही विजेरी तळव्याने घट्ट झाकून सर्वांत मंद टप्प्यावर लावावी आणि बोटांच्या फटीतून उजेडाची जेमतेम एक रेघ फरशीवर पडू द्यावी. बोटांच्या कडा लालसर दिसू लागतात आणि तेवढ्या उजेडात फरशीच्या सांध्यांच्या रेषा, कोपऱ्यातल्या चपला, खाटेखालची पेटी हे सारे दिसू लागते. त्यानंतर विजेरी पूर्ण प्रखर करून समोरच्या भिंतीकडे पाहावे, ती विझवावी आणि पुन्हा खोलीभर नजर फिरवावी. मघाशी दिसणारी खिडकीची चौकटही आता दिसत नाही, हे पाहिल्यावर पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

याच वेळी आणखी दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून पाहिले तर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. नजर किंचित बाजूला ठेवली की तीच वस्तू दिसते. आणि दोन्ही डोळे अंधाराला स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे नाइलाजाने प्रखर उजेड लावावा लागलाच तर एक डोळा घट्ट मिटून घ्यावा, म्हणजे त्या डोळ्याचा सराव शिल्लक राहतो.

वयानुसार बाहुली कमी उघडते, भिंग धूसर होत जाते आणि नजर सरावायलाही अधिक वेळ लागतो. त्यामुळे तिशीतल्या मुलाला ३ ल्युमेन पुरत असतील तर सत्तरीतल्या आईला १५-२० लागतील, हे गृहीत धरूनच घरातली व्यवस्था करावी. अर्धा तास अंधारात बसूनही जवळजवळ काहीच दिसत नसेल, किंवा संध्याकाळनंतर चालताना सारखे अडखळायला होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता, मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

दुसरी पायरी : खोक्यावरचे आकडे वाचायला शिकावे

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारा प्रकाश, एवढे समजले की पुष्कळ गोंधळ मिटतो. साध्या मेणबत्तीतून सुमारे १२ ल्युमेन प्रकाश सर्व दिशांना पसरतो. पौर्णिमेच्या स्वच्छ रात्री जमिनीवर जेमतेम पाव लक्स प्रकाश पडतो, तरीही त्या चांदण्यात पायवाट, शेताचा बांध आणि झाडांच्या सावल्या आपल्याला दिसतात. आता ५ ल्युमेनची विजेरी घेऊन तिचा पसरट झोत पायापुढच्या २ चौरस मीटर जमिनीवर टाकला, तर तिथे सुमारे अडीच लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या दहापट उजेड पडतो. सरावलेल्या नजरेला घरात, अंगणात किंवा तंबूभोवती वावरायला एवढा उजेड भरपूर होतो.

दुसरे असे की, ल्युमेन दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही. तसे वाटण्यासाठी ते साधारण चौपट करावे लागतात. याची उलटी बाजू आपल्या फायद्याची आहे, कारण प्रकाश एक चतुर्थांश केला तरी डोळ्यांना तो निम्म्यासारखाच वाटतो आणि सेल मात्र जवळपास चौपट चालतो. हिशेब करून पाहू. १८६५० या प्रचलित लिथियम सेलची क्षमता ३००० मिलीअँपिअर-तास धरली तर त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा असते. एलईडीकडून दर वॅटला ढोबळमानाने १०० ल्युमेन मिळतात असे धरले तर ५०० ल्युमेनवर तो सेल दोन-सव्वादोन तासांत संपतो. ५ ल्युमेनवर, विजेरीतल्या सर्किटला लागणारी वीज वजा जाताही, तो शंभर तासांहून अधिक चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आल्यानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. चार्जिंगची सोय कधी होईल हे सांगता येत नाही अशा वेळी दोन तास आणि शंभर तास यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळतो.

नामांकित उत्पादकांच्या खोक्यावर एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार आकडे छापलेले असतात. या मानकात झोताचे अंतर म्हणजे प्रकाश पाव लक्सपर्यंत, म्हणजे चांदण्याइतका, उतरतो ते अंतर; तेवढ्या लांबचे काही नीट ओळखू येईलच असे नाही. विजेरी चालण्याचा काळ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. ज्या खोक्यावर अशा कोणत्याही मानकाचा उल्लेख नाही आणि मनगटाएवढ्या विजेरीवर लाखभर ल्युमेन लिहिले आहेत, ते खोके परत ठेवून द्यावे.

तिसरी पायरी : विजेरी निवडावी

दुकानात पहिला प्रश्न असा विचारावा की, हिचा सर्वांत मंद टप्पा किती ल्युमेनचा आहे? तो १ ल्युमेनच्या आत किंवा आसपास असेल तर उत्तम. काही उत्पादक त्याला ‘मूनलाइट’ असे नाव देतात. त्याच्या वरचा टप्पा ५ ते १५, त्याच्या वरचा ३० ते ६० आणि सर्वांत वरचा १५० ते ३०० ल्युमेनचा असला, तर नवशिक्याला घरापासून गडापर्यंत दुसरे काही लागत नाही.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि तो फारसे कोणी विचारत नाही: बंद विजेरीचे बटण दाबल्यावर कोणता टप्पा लागतो? अनेक स्वस्त विजेऱ्या आधी पूर्ण प्रखर लागतात आणि दोन-तीनदा बटण दाबल्यानंतर मंद होतात. म्हणजे मंद उजेडापर्यंत पोहोचण्याआधीच डोळे दिपलेले असतात आणि मंद टप्प्याचा निम्मा उपयोग संपलेला असतो. त्यामुळे जी खालच्या टप्प्यापासून सुरू होते, किंवा बटण दाबून धरले की थेट सर्वांत मंद टप्प्यावर लागते, किंवा शेवटचा वापरलेला टप्पा लक्षात ठेवते, अशीच विजेरी घ्यावी. हे दुकानातच हाताळून पाहावे. माहितीपत्रकावर विसंबू नये.

झोत पसरट असावा. बारीक आणि दूरवर जाणाऱ्या झोताचा मध्यबिंदू हाताच्या अंतरावर डोळ्यांत खुपतो आणि भोवतीचे काहीच दिसत नाही. उजेडाचा रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास असेल तर मंद टप्प्यावर तो निळसर पांढऱ्यापेक्षा डोळ्यांना अधिक सुखद वाटतो. याला शरीरशास्त्राचाही आधार आहे: डोळ्यांतल्या काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात, दिवस असल्याचा संकेत मेंदूकडे पाठवतात आणि त्यामुळे झोपेशी निगडित मेलॅटोनिन कमी स्रवते. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाने पिवळसर आणि मंद उजेडच वापरावा, तो यासाठी. औषधे ओळखणे, जखम पाहणे अशा कामांसाठी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, १०० पैकीचा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असलेली एलईडी घ्यावी.

मंद टप्प्यावर आणखी एक दोष आढळतो. काही विजेऱ्या उजेड कमी करण्यासाठी एलईडी फार वेगाने चालू-बंद करतात आणि हा वेग पुरेसा नसेल तर लुकलुक होऊन डोळे थकतात. विजेरी मंद टप्प्यावर लावून तिच्यासमोर बोटे भराभर हलवावीत. हालचाल अखंड न दिसता बोटांच्या अनेक सुट्या प्रतिमा दिसल्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहताना काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती विजेरी वाचनासाठी किंवा बराच वेळ वापरण्यासाठी योग्य नाही.

लगेच नवी विजेरी घ्यायची नसेल तर हातातली मंद करता येते. मोबाइलच्या टॉर्चची तीव्रता बऱ्याच फोनमध्ये कमी करता येते. ती सर्वांत खाली आणून वर पांढऱ्या रुमालाच्या दोन घड्या धराव्यात. लहान विजेरीच्या काचेवर दवाखान्यात वापरतात त्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले की झोत मंद आणि पसरट होतो. लाल उजेड हवा असेल (तो कशासाठी ते सातव्या पायरीत सांगितले आहे) तर लाल जिलेटिन कागदाचे थर रबर बँडने बसवावेत. मात्र शेकडो ल्युमेनची विजेरी प्रखर टप्प्यावर असताना तिच्या तोंडावर कापड किंवा कागद कधीही बांधू नये, कारण काचेजवळ साठणाऱ्या उष्णतेने ते करपू शकते.

चौथी पायरी : हाताला सवय लावावी

नियम एकच आहे: सर्वांत मंद टप्प्यापासून सुरुवात करावी, दहा सेकंद थांबावे, आणि तरीही काम होत नसेल तरच एक टप्पा वर जावे. या दहा सेकंदांत डोळे जुळवून घेतात आणि बहुतेक वेळा वर जाण्याची गरजच उरत नाही.

चालताना विजेरी कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर, किंचित पुढे धरावी. उजेड खालून तिरपा पडला की दगड, खड्डे आणि पायऱ्यांच्या कडा यांच्या सावल्या स्पष्ट उमटतात आणि जमिनीचा उंचसखलपणा मंद उजेडातही कळतो. डोक्यावर बांधलेल्या हेडटॉर्चचा प्रकाश नजरेच्याच दिशेने जातो, त्यामुळे सावल्या वस्तूंच्या मागे दडतात आणि जमीन सपाट भासते. ओबडधोबड वाटेवर हेडटॉर्च हातात काढून घेतली तर कमी उजेडातही पाऊल नेमके पडते. पावसाळ्यातल्या धुक्यात तर हे करावेच, कारण डोक्यावरचा झोत समोरच्या जलकणांवरून थेट डोळ्यांत परततो आणि प्रखरता वाढवावी तितकी समोर पांढरी भिंत उभी राहते.

समोर माणूस असताना उजेड नेहमी जमिनीकडे ठेवावा. हेडटॉर्च लावलेला माणूस बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि नकळत त्याचे डोळे दिपवतो. बोलण्याआधी दिवा खाली वळवण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी.

पाचवी पायरी : घरात वापरावी

उशाशी, हात पुरेल अशा ठरलेल्या जागी एक विजेरी कायम असावी. रात्री उठल्यावर १ ते ३ ल्युमेनचा उजेड फरशीकडे करून चालले की घरातल्या कोणाची झोप मोडत नाही आणि परत आल्यावर स्वतःचीही लवकर लागते. तान्ह्या बाळाला रात्री पाजताना किंवा त्याचे लंगोट बदलताना हाच टप्पा वापरावा. विजेरीचे तोंड भिंतीकडे करून ठेवले तर बाळाच्या डोळ्यांवर थेट प्रकाश येत नाही. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांच्या हातात विजेरी देऊन भागत नाही, कारण एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला भिंतीचा आधार असतो. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत, पावलांच्या उंचीवर, चाहूल लागताच लागणारे मंद पिवळसर दिवे बसवणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

औषध घेताना मात्र मंदपणाचा हट्ट धरू नये. गोळ्यांच्या पट्टीवरचे नाव, तिची क्षमता आणि मुदतीची तारीख ही अक्षरे इतकी बारीक असतात की ३० ल्युमेनचा पांढरा उजेड लावून, चष्मा घालूनच ती वाचावीत. लाल उजेडात तर औषध कधीच घेऊ नये: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये अशा औषधांच्या वेष्टनावर जी उभी लाल रेघ असते, ती लाल उजेडात पांढऱ्या जागेत विरून जाते आणि लाल शाईचा मजकूरही तसाच नाहीसा होतो.

वीज गेल्यावर खोलीत सगळ्यांना थोडाथोडा उजेड हवा असतो. त्यासाठी विजेरी टेबलावर उभी करून तिचे तोंड पांढऱ्या छताकडे करावे. ३० ते ५० ल्युमेनमध्ये जेवण, गप्पा आणि आवराआवर होते. कौलारू घरात वरचा उजेड लाकडात आणि कौलांत शोषला जातो, तिथे तो चुना लावलेल्या भिंतीवर टाकावा. पाण्याने भरलेली पांढरट प्लास्टिकची बाटली विजेरीच्या तोंडावर ठेवली तरी उजेड चहूकडे पसरतो.

सहावी पायरी : गडावर आणि मुक्कामात

सह्याद्रीत पहिल्यांदाच रात्रीच्या वाटेला जाणाऱ्याने मंद उजेडाचे शिक्षण मुक्कामाच्या जागी घ्यावे, चढावर नाही. जिथे मुक्कामाला परवानगी आहे अशा गुहेत, देवळात किंवा पायथ्याच्या गावातल्या पडवीत दहा-पंधरा माणसे शेजारी शेजारी झोपलेली असतात. पहाटे निघणाऱ्या एखाद्याने ३०० ल्युमेनची हेडटॉर्च लावून सॅक भरायला घेतली की सगळी गुहा जागी होते. त्याऐवजी सॅक रात्रीच भरून ठेवावी, पहाटे लागणारे सामान वरच्या कप्प्यात ठेवावे आणि विजेरी १ ल्युमेनवर लावून सॅकच्या तोंडाच्या आत धरावी. उजेड पिशवीतच राहतो आणि हवी ती वस्तू दिसते. स्वयंपाक, पाणी भरणे, जखमेवर पट्टी बांधणे ही कामे १० ते ३० ल्युमेनमध्ये होतात. पाण्याच्या टाक्याकडे जाताना एक टप्पा वर जावे, कारण टाक्याच्या कडा निसरड्या असतात आणि काळ्या पाण्याची पातळी मंद उजेडात कळत नाही.

ओळीने चालताना मागच्याचा प्रखर झोत पुढच्याला मदत करत नाही. त्या झोताने पुढच्याची स्वतःचीच लांब सावली त्याला जिथे पाऊल टाकायचे तिथेच पडते. म्हणून सर्वांनी आपापल्या पायांपुरता उजेड ठेवावा आणि वाट शोधण्याचा झोत फक्त सर्वांत पुढच्या जाणत्या माणसाकडे असावा. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर सूर्योदय पाहण्यासाठी पुष्कळ जण रात्रीच चढायला लागतात. तिथल्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत आणि प्रत्येक पायरी स्पष्ट दिसायला हवी, त्यामुळे शिडीपुरती हेडटॉर्च ५० ते १०० ल्युमेनवर न्यावी आणि वर पोहोचताच पुन्हा खाली आणावी.

सातवी पायरी : जिथे अंधारच पाहायचा असतो

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरात काजवे पाहायला मोठी गर्दी होते. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना शोधण्याचा संकेत आहे. झाडावर झोत टाकला की त्या संकेतांत व्यत्यय येतो, आणि ज्यांचे आयुष्यच थोडे उरलेले असते अशा जिवांची ती रात्र वाया जाते. गाडीपासून पाहण्याच्या जागेपर्यंतची वाट पायाशी धरलेल्या मंद उजेडात चालावी, तिथे पोहोचताच विजेरी विझवावी, मोबाइल खिशात ठेवावा आणि पंधरा मिनिटे थांबावे. नजर सरावते तसतसे आधी न दिसलेले काजवेही दिसू लागतात. वनखात्याचे कर्मचारी आणि गावकरी जे सांगतील ते निमूट पाळावे.

कोकणात वेळास, आंजर्ले आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. किनाऱ्यावर उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे जातात म्हणून कोणताही दिवा त्यांना भलत्या दिशेला नेतो. इथे पाहुण्याने स्वतःची विजेरी काढूच नये. कासवमित्र जो मंद लाल दिवा वापरतात त्याच्या मागे चालावे.

आकाशनिरीक्षणात लाल उजेडाचा खरा उपयोग होतो. दंडपेशी लाल प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे मंद लाल उजेडात तारकानकाशा वाचूनही नजरेचा सराव टिकतो. यातला ‘मंद’ हा भाग विसरू नये. प्रखर लाल झोतही नजर बिघडवतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी शेजारच्या एकाच निरीक्षकाने पांढरी विजेरी लावली तर दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचा अर्धा तास फुकट जातो.

आठवी पायरी : मंद उजेड कुठे वापरू नये

ही पायरी गाळून कोणी पुढे जाऊ नये. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत आणि त्यांतले मण्यार, घोणस प्रामुख्याने रात्रीच हिंडतात. गवतातून, पालापाचोळ्यातून, बांधावरून किंवा पावसाळ्यात अंगणातून चालताना ५ ल्युमेन पुरत नाहीत. जमिनीच्या रंगात मिसळलेला साप तेवढ्या उजेडात दिसत नाही, आणि लाल उजेडात तर मुळीच नाही. अशा वाटेवर १०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक पसरट पांढरा उजेड, पायात बूट आणि हातात काठी असावी. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याने मंद टप्पा मोटारीची पेटी पाहण्यापुरता ठेवावा आणि बांधावर पूर्ण उजेड वापरावा. जमिनीवर झोपणाऱ्याने अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी भोवतीची जमीन चांगल्या उजेडात पाहून घ्यावी, कारण मण्यार झोपलेल्या माणसाजवळ येते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. दंश झाल्याची शंका जरी आली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.

वाहनांच्या रस्त्यावरून चालतानाही मंद उजेड धोक्याचा आहे. तिथे आपल्याला दिसण्याइतकेच आपण चालकाला दिसणेही आवश्यक असते. डोंगरात अडकल्यास मदतीच्या खुणेसाठी पूर्ण प्रखर टप्पा वापरावा: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा झोत दाखवावा, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. ही खूण जगभरच्या गिर्यारोहकांना ठाऊक असते. आधीच्या तासांत मंद उजेड वापरला असेल तर त्या वेळी सेलमध्ये वीज शिल्लक असते.

नववी पायरी : सेल सांभाळावेत

ज्या विजेरीत साधे पेन्सिल सेल बसतात तिचा फायदा असा की, खेड्यातल्या किराणा दुकानातही ते मिळतात. मात्र अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत राहिले तर पाझरतात आणि त्यातला क्षार स्प्रिंग खाऊन टाकतो, म्हणून क्वचित लागणाऱ्या विजेरीतून सेल काढून शेजारी ठेवावेत. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल अधिक बरे. २००० मिलीअँपिअर-तासाच्या एका सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास ऊर्जा असते आणि ५ ल्युमेनवर त्यात साधारण २४ ते ४० तास निघतात. १८६५० सेल घेताना त्यावर ९००० मिलीअँपिअर-तास किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर तो खोटा समजावा, कारण या आकाराचे चांगले सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास असतात. सुटा लिथियम सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात कधी टाकू नये. दोन्ही टोके धातूने जोडली गेली तर तो तापून पेटू शकतो. त्यासाठी प्लास्टिकची लहान डबी मिळते.

सॅकमध्ये दाबले जाऊन बटण चालू होऊ नये म्हणून विजेरीचे मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. अनेक विजेऱ्यांत याने संपर्क तुटतो आणि बंद अवस्थेतही सर्किट जी थोडी वीज खात असते तीही वाचते. बराच काळ पडून राहणारा लिथियम सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता साधारण अर्ध्यावर ठेवावा. उशाशी असलेली विजेरी मात्र पूर्ण भरलेली असावी आणि दर दोन महिन्यांनी, ठरवून, पुन्हा चार्ज करावी.